चाळिशीपुढच्या साठ जणांच्या हृदयतपासणीसाठी आवाहन

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आमच्या आधारगटातले एक दादा मार्चमध्ये ऊसाला पाणी पाजताना बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत. वय 46. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी गोळी त्यांनी कधी चुकवली नाही. शेवटच्या रिपोर्टवर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’: विषाणू सापडलाच नाही. भेटायला गेलो तर वहिनींनी गोळ्यांची डबी पुढ्यात ठेवली. आत अकरा गोळ्या उरलेल्या. “या गोळ्या सेंटरवर परत द्यायच्या असतात का?” एवढंच त्या बोलल्या.

एचआयव्हीला त्यांनी आवरलं होतं. गेले ते हृदयविकाराच्या झटक्यानं.

एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी मोफत मिळू लागली आणि आमची माणसं जगली. ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. विषाणू दबला तरी अंगात बारीक दाह धुमसत राहतो, रक्तवाहिनीचं अस्तर खराब होतं, तिथे चरबी साचत जाते. म्हणून हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट. त्यात मिश्री, बिडी, बीपी असेल तर बघायलाच नको. छातीत कळ येईपर्यंत काही जाणवत नाही.

पण आधी कळू शकतं. मानेच्या रक्तवाहिनीच्या सोनोग्राफीत भिंत जाड झालेली दिसते, सुई टोचावी लागत नाही. जोडीला बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. आणि कळल्यावर उपायही आहे: 2023 मध्ये जाहीर झालेल्या, भारतातलेही रुग्ण असलेल्या मोठ्या अभ्यासात रोजच्या एका स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळीनं झटक्यासारखे गंभीर प्रसंग 35 टक्क्यांनी घटले. कुणाला गोळी द्यायची, ते अर्थात डॉक्टरच ठरवतील.

गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन शिबिराच्या मांडवात आणता येत नाही. माणसंच मिरजेला न्यावी लागतील, जत-आटपाडीहूनसुद्धा. बहुतेकांचं हातावरचं पोट, त्या दिवसाचा रोजगार बुडतो. तेव्हा मिरज-सांगलीच्या सोनोग्राफी सेंटरवाल्यांनी आम्हाला एक रविवार द्यावा. लॅबवाल्यांनी कोलेस्टेरॉलच्या तपासण्या फुकट किंवा कमी दरात कराव्यात. कुणी दोन जीपगाड्या डिझेलसकट द्याव्यात. बाकीच्यांनी एका माणसाचं भाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी उचलली तरी पुरे. पैसे गटाच्या खात्यावरच भरा, पावती मिळेल.

मदतीला येणाऱ्यांनी फोटो काढू नयेत, नावं विचारू नयेत. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानंही ती गुप्त ठेवायची आहेत. गाडीवर, सेंटरवर एचआयव्हीचा फलक नसेल. ‘हृदयतपासणी’ एवढंच लिहिलेलं असेल.

आपले,
एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या आधारगटाचे कार्यकर्ते, सांगली जिल्हा