खदानवाल्याची पोरगी

चंद्रपूर

प्रिय बेटा,

परवा फोन चालू असताना तू कुणाला तरी सांगत होतीस, "बाबा मायनिंगमध्ये होते." मला हसूच आलं. मायनिंगमध्ये मॅनेजरसाहेब होते, बेटा. तुझा बाप खदानीत लोडर होता.

तू मोबाईलमध्ये गाणी भरून दिलीस ना, त्यात लोरेटा लिन नावाची अमेरिकन बाई निघाली. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं, पण तिचं 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे कोळसा खदानवाल्याची पोरगी, हे गाणं कळायला मला डिक्शनरी कशाला लागते? मग तुझ्या दादाकडून तिची सगळी कुंडली काढून घेतली.

केंटकीच्या डोंगरातली बुचर हॉलर नावाची वस्ती, जन्म १९३२, आठ भावंडांत दुसरी. बाप टेड वेब रात्री व्हॅन लिअरच्या खाणीत कोळसा काढायचा, दिवसा शेतात मका खुरपायचा. पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात घेऊन गेला. विशीपर्यंत चार लेकरं पदरात. त्याच नवऱ्याने १७ डॉलरची गिटार आणून दिली. ती आपली आपणच शिकली. १९६० साली पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा दोघं गाडीत तबकड्या भरून एकेका रेडिओ स्टेशनच्या दारात उभी राहिली. गाणं कंट्रीच्या, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांच्या, यादीत १४व्या नंबरवर गेलं.

नवरा पिणारा. आपल्या आज्या जात्यावर नवऱ्याची गाऱ्हाणी गायच्या, पण ती घराच्या भिंतीतच राहायची. हिने ती रेडिओवर गायली! पिऊन घरी आलास तर जवळ येऊ नकोस, असं ठणकावणारं तिचं गाणं १९६७ला पहिल्या नंबरवर होतं. १९७५ला गर्भनिरोधक गोळीवर गायली, तर कितीतरी स्टेशनांनी ते लावायलाच नकार दिला. १९७२ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' तिला मिळाला होता, तोवर तो एकाही बाईला मिळाला नव्हता.

खाणीवरचं गाणं १९७०चं. आधी ते इतकं लांब होतं की निर्माता ओवेन ब्रॅडलीने त्यातली कडवी काढायला लावली. उरलं त्यात बाप आहे, आणि कपडे घासून रक्ताळलेली आईची बोटं आहेत. कुठे काही झाकलेलं नाही. पण बाप १९५९लाच गेला होता. त्याने पोरीची एकही रेकॉर्ड ऐकली नाही. दादाने हे वाचून दाखवलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, थांब जरा, पाणी आण.

२०२२ साली नव्वदाव्या वर्षी ती गेली.

तुझी आई जवसाची चटणी पाठवते आहे. पार्सल तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर येईल. पाठवणाऱ्याच्या नावाखाली मी मोठ्या अक्षरांत 'रिटायर्ड लोडर' लिहिलंय.

तुझा,
बाबा