यंदा कौलं आम्हीच चाळली

श्रीवर्धन,
29 मे

प्रिय नीता,

परवा तुझा फोन आईंनी उचलला आणि "ती वर गेलीय" एवढंच सांगून ठेवून दिला, म्हणून तू घाबरलीस म्हणे! अगं, मी माडीच्याही वर होते, छपरावर. यंदा कौलं मी आणि मिलिंदनेच चाळली, म्हणजे उतरवून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा बसवली.

गडी मिळेना हे खरं कारण. मे महिन्यात सगळ्या गावाला एकदमच छप्पर आठवतं, आणि कौलांवर चढणारे जाणते गडी आता मोजकेच उरलेत. एकाने अक्षयतृतीयेपासून "उद्या येतो" चालवलं होतं. मृग तोंडावर आला, तेव्हा मिलिंदने शिडी काढली. पण वर गेले मी! त्याच्या वजनाने कौल फुटतं, माझ्या नाही, असा साधा हिशोब. पाय टाकायचा तो खालच्या रिपेचा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीचा अंदाज घेऊन, कौलाच्या मध्यावर कधीच नाही. तो शिडीवरून कौलं द्यायचा, मी बसवायची. आई अंगणातून दोघांनाही सूचना द्यायच्या.

गळतीची गंमत सांगते. स्वयंपाकघरात चुलीच्या कोपऱ्यात थेंब पडायचे, म्हणून आम्ही नेमकं त्याच्या वरचं कौल बघत होतो. ते धडधाकट. पाणी शिरत होतं चांगलं चार हात वर, आढ्याजवळ, आणि वाशाच्या पोटाला धरून उतरत उतरत चुलीवर टपकत होतं. तिथलं कौल फुटलेलंही नव्हतं. त्याच्या खाचेत शेवाळ आणि आंब्याची कुजकी पानं गच्च बसली होती, म्हणून पाणी अडून आत उलटत होतं. म्हणजे अर्धं काम खराट्याचं आणि खिळ्याने खाचा कोरायचं! उरलेल्यांची परीक्षा आईंनी शिकवली. कौल बोटाच्या पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो.

काढलेल्या कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का आहे. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या जर्मनांनी तिकडे 1865 साली पहिला कारखाना काढला, त्यानंतर असे कितीतरी निघाले. आमच्याकडचा शिक्का पुसट झालाय, त्यातल्या कुठल्या कारखान्याचा ते लागत नाही. कौल मात्र अजून खणखणतंय.

मिलिंदला पत्रा घालायचा होता, हे तुला माहीत आहेच. त्याचंही चूक नाही. माकडं एका उडीत पाच-सहा कौलं फोडतात आणि वर बसून आपल्याकडेच बघतात. पण 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठव. पत्रे अख्खेच्या अख्खे उडून दुसऱ्याच्या वाडीत पडले होते. आमची कौलंही भरपूर गेली, पण गेली तेवढीच बदलता आली. शिवाय पत्र्याखाली दुपारी बसून दाखव म्हणावं. शेवटी तह झाला: घराला कौलं, मागच्या न्हाणीला पत्रा. वाऱ्याच्या बाजूच्या कडेची कौलं मात्र या खेपेला तारेने रिपेला बांधून टाकली.

दोन रिपा वाळवीने पोखरल्या होत्या, त्या बदलल्या. बाकी लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते काम मिलिंदने हातमोजे न घालता ऐटीत केलं, आता मनगटाची सालं निघतायत आणि मी खोबरेल चोळतेय.

पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड थेट येते. तिथला सिमेंटचा गिलावा फुगून पोपडे सुटले होते. भिंतीचा जांभा दगड पाणी पितो, आणि वर सिमेंट असलं की ते पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. सगळा खरवडून चुन्याचा गिलावा केला. वाळायला अजून ऊन हवंय आणि आभाळ तर रोज दुपारी भरून येतंय. वरून झापांचा आडोसा बांधायचा बाकी आहे, माडाची झावळं विणून तयार आहेत.

आता एक काम तुझ्याकडे. माजघरात अंधार फार, म्हणून काचेची दोन कौलं घालायची आहेत. इथल्या दुकानात संपलीत. पुण्यात जुन्या बाजारात मिळाली तर बघ, पण घेण्याआधी आमच्या कौलाशी माप जुळतं का ते पाहायला हवं. मी फोटो आणि मापं आज रात्री पाठवते. पाऊस लागायच्या आत मिळाली तर ठीक, नाहीतर गणपतीला येशील तेव्हा घेऊन ये, उघडीप बघून चढेन.

काकूंना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझी,
मेधा