कार्ड बदलण्याआधी फ्रेम बांधा

माननीय संपादक,

कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, अडखळतो म्हटले की सल्ला ठरलेला असतो: मोठे ग्राफिक्स कार्ड घ्या. घरचे लोक मोठी रक्कम मोजतात. नवे कार्ड बसते, दाबोळीहून उडून मुंबईला उतरताना चित्र पुन्हा तसेच अडखळते, आणि वर पंख्यांचा घोंगाट वाढतो. हा खर्च बऱ्याचदा टाळता येतो, म्हणून हे पत्र.

आधी कॉम्प्युटरचा कोणता भाग मागे पडतोय ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या 2020 च्या आवृत्तीत जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू केला की वरच्या मेनूतून एफपीएसची (सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, दिसतात त्याची) चौकट उघडता येते. तिच्यात ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ किंवा ‘लिमिटेड बाय जीपीयू’ असे लिहून येते; जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मेनथ्रेड दिसत असेल तर प्रोसेसर मागे पडतो आहे, कार्ड नुसते वाट पाहत बसले आहे. मग कितीही महाग कार्ड लावले तरी फरक पडणार नाही. सिम्युलेटरचे बरेचसे काम प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, चालते, म्हणून या खेळात हे फार घडते. विक्रेत्यांनी कार्ड विकण्याआधी ही एक ओळ गिऱ्हाइकाला बघायला सांगावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

पाहणी दोन ठिकाणी करावी. मुंबईसारख्या दाट वस्तीवरून खाली उडताना प्रोसेसर दमतो. जुलैचे ढग लावून सह्याद्रीच्या कड्यांवरून उडताना कार्ड दमते. हवामान आणि वेळ दोन्ही खेपांना तीच ठेवावी, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही.

मेनथ्रेड अडत असेल तर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचा बारकावा) 200 वरून 100 वर आणावे, ऑब्जेक्टचेही (इमारती, झाडे) तसेच उतरवावे. विमानतळावरची इतर विमाने कमी करावीत आणि ग्लास कॉकपिटचा (विमानातल्या डिजिटल पडद्यांचा) रिफ्रेश रेट मीडियम करावा. एअरबससारख्या विमानात या शेवटच्या एका सेटिंगने लगेच फरक जाणवतो. कार्ड अडत असेल तर ढग अल्ट्रावरून हायवर न्यावेत. उडताना फरक क्वचितच दिसतो आणि भार बराच हलका होतो. रेंडर स्केलिंग (चित्र किती बारीक काढायचे ते प्रमाण) 100 वरून 80 केले की पिक्सेल 64 टक्केच उरतात, पण कॉकपिटमधली अक्षरे धूसर होतात, म्हणून ते सर्वांत शेवटी. 8 जीबी मेमरीच्या कार्डावर टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) अल्ट्रा ठेवू नये. मेमरी भरली की सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, मान वळवली की मात्र झटका बसतो.

यानंतर फ्रेम बांधाव्यात, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याला ठरावीक मर्यादा घालावी. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणाऱ्या, मॉनिटरवर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या तालावर दाखवणारे सेटिंग) लावून 30 फ्रेम बांधल्या की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि नवी फ्रेम दर 33.3 मिलिसेकंदांनी येते. तेच 45 वर सोडले तर काही फ्रेम एकदा दिसतात, काही दोनदा, आणि डोळ्याला अडखळल्यासारखे वाटते. आकडा मोठा असूनही उड्डाण खडबडीत! 120 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर 40 हा फार चांगला आकडा आहे, कारण प्रत्येक फ्रेम तीनदा बसते. विमान उतरवायला 100 फ्रेम लागत नाहीत, सारखे अंतर लागते. (डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून उडवणाऱ्यांचे गणित निराळे.) मर्यादा ड्रायव्हरमध्येही (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लावावी. नाहीतर मेनूच्या पडद्यावर फ्रेम शेकड्यांत जातात आणि कार्डाच्या कॉइलमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो.

फ्रेम बांधल्या की आवाजाचे अर्धे काम झालेले असते, कारण कार्ड पूर्ण ताकदीने पळतच नाही. पुढची पायरी म्हणजे आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा) 100 वरून 75 टक्के करणे. फ्रेम त्या मानाने फारच थोड्या घटतात. त्याहून पुढे जायचे तर व्होल्टेज उतरवावे: आरटीएक्स 3070 च्या वर्गातले कार्ड साधारण 1800 मेगाहर्ट्झला 900 मिलिव्होल्टवर चालते. तासभर उडवून पाहावे. गेम बंद पडला किंवा पडदा काळा झाला तर 25 मिलिव्होल्ट वाढवावे. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी उतरला की आवाज सुमारे 5 डेसिबलने उतरतो.

इथे गोव्याची हवा ध्यानात घ्यायला हवी. परदेशी व्हिडिओत दाखवलेली फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा ते ठरवणारी रेषा) 20-22 अंशांच्या खोलीसाठी केलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात खोली 32 वर असते, म्हणून तीच कर्व्ह इथे पंखे सतत वर नेते. 50 अंशांना 30 टक्के, 65 ला 40, 75 ला 55, 83 ला 80 अशी सौम्य चढण ठेवावी आणि हिस्टरेसिस (तापमान इतके उतरल्याशिवाय पंख्याचा वेग कमी न करण्याचे सेटिंग) 4-5 अंश द्यावे. पंखा सारखा वरखाली होण्याने जितका त्रास होतो, तितका एकाच लयीत चालणाऱ्याने होत नाही.

कॅबिनेटची बाजूची पाटी काढून दहा मिनिटे उडवून पाहावे. तापमान 8-10 अंशांनी उतरले तर कार्डात दोष नाही, हवा कोंडते आहे. पुढच्या जाळीवर तांबडी धूळ बसते आणि किनाऱ्याजवळच्या घरांत खाऱ्या दमट हवेने ती पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींना चिकटते. प्लग काढून, पाते बोटाने धरून ब्लोअर मारावा. मोकळे पाते भरधाव फिरले तर बेअरिंग जाते. जाळी धुतली तर पूर्ण सुकेपर्यंत लावू नये, आणि पावसाळ्यात ती सुकायला दोन दिवसही लागतात.

लॅपटॉपवाल्यांनी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के करून पाहावी. टर्बो (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद होतो, आवाज पटकन उतरतो. पण मेनथ्रेड आधीच अडत असेल तर फ्रेमही उतरतात, तेव्हा टेरेनचे सेटिंग आणखी खाली आणावे लागते. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवली की तळाशी हवा खेळते.

आफ्टरबर्नरमधले हे आकडे प्रोफाइल म्हणून साठवावेत आणि ‘अप्लाय ॲट स्टार्टअप’ चालू करावे. ते चालू नसेल तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर कार्ड मूळ सेटिंगवर जाते. ड्रायव्हर नवा टाकल्यावरही प्रोफाइल लागले आहे की नाही ते एकदा पाहून घ्यावे.

आपला,
एक वाचक, फोंडा