आधी नांदतं घर, मग भुताचं

प्रिय अर्णव,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर तू घाईत होतास, त्यामुळे धड बोलता आलं नाही. वर्गातल्या तिसरीच्या पोरांकडून हॅलोविनची, म्हणजे भुताची, छोटी छोटी घरं करून घ्यायची, तीही रद्दी-पुठ्ठ्यातून, हे तुझ्या डोक्यात आलं याचा मला फार आनंद झाला. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून लिहूनच काढते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. मुलं बसल्या बसल्या काळा रंग, कवट्या आणि कोळ्याची जाळी मागतील. लगेच देऊ नकोस. पहिल्यांदा त्यांना एक नांदतं घर बांधू दे. इथे कोण राहायचं? स्वयंपाकघर कुठल्या बाजूला? आजीची खोली कोणती? दार इतकं रुंद कशासाठी? हे ठरलं की मगच घर जुनं करायला घ्यायचं. नुसत्या खोक्याला काळं फासून वटवाघूळ चिकटवलं तर ते काळं खोकंच राहतं. इथे कधीकाळी माणसं राहत होती आणि आता नाहीत, एवढं बघणाऱ्याला जाणवलं की पुढचं काम त्याचं मनच करतं.

अमेरिकेत भुताचं घर म्हटलं की एकच धाटणी डोळ्यांसमोर येते, ती कुठून आली हे मुलांना जरूर सांग. उंच अरुंद खिडक्या, मधे मनोरा, आणि बाजूंनी जवळजवळ सरळ उतरून वर सपाट होणारं मॅन्सार्ड छप्पर. साधारण 1855 ते 1885 या काळात इथल्या पैसेवाल्यांनी अशी घरं हौसेने बांधली. पुढे फॅशन बदलली, नोकरचाकर परवडेनात, एवढाल्या खोल्या थंडीत ऊबदार ठेवायच्या म्हणजे खर्च फार. कुणी खोल्या भाड्याने दिल्या, कुणी घर तसंच सोडून दिलं. एडवर्ड हॉपर या चित्रकाराने 1925 मध्ये असंच एक घर रंगवलं, ते चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आहे. पुढे रेल्वेचा रूळ, मागे ते घर, माणूस एकही नाही. भूतही नाही, तरी बघताना पोटात कसंसं होतं. आणि न्यू जर्सीतल्या आपल्या शेजारच्या वेस्टफील्डमध्ये 1912 साली जन्मलेले चार्ल्स अ‍ॅडम्स! ‘न्यूयॉर्कर’ नियतकालिकातल्या त्यांच्या व्यंगचित्रांनी हे घर अमेरिकेच्या घराघरांत पोचवलं. तिथल्या जुन्या गल्ल्यांमधून तू लहानपणी सायकलवर किती हिंडला आहेस. ती घरं आठव आणि मुलांना फळ्यावर काढून दाखव.

तू राहतोस ते पेनसिल्व्हेनियातलं बेथलेहेम तर या कलेचं माहेरच म्हणायला हवं. 1741 मध्ये मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी ते गाव वसवलं, आणि नाताळात येशूजन्माच्या देखाव्याभोवती डोंगर, शेवाळ, छोटी घरं मांडायची त्यांची चाल आजही आहे. पुढे 1920 आणि 30 च्या दशकांत जपानहून पुठ्ठ्याची चिमुकली घरं इथे यायला लागली. स्वस्तातली, अंगावर चमकी, खिडक्यांना रंगीत सेलोफेन आणि मागे दिव्यासाठी एक भोक. आज हौशी मंडळी त्याच घाटाची घरं जांभळ्या-काळ्या रंगात हॅलोविनसाठी करतात. म्हणजे तुझ्या मुलांना आपल्याच गावची गोष्ट सांगता येईल.

आता कामाचं. दाराची उंची चार सेंटिमीटर धर, मजला सहा सेंटिमीटरचा. हे प्रमाण सगळ्यांनी पाळलं तर घरं शेजारी शेजारी मांडल्यावर गल्ली दिसेल. भिंतींना पार्सलच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा, आतल्या नळ्या उभ्या येतील असा कापायचा. आडव्या आल्या तर भिंत दबते. कटरचं काम तू आदल्या दिवशी घरी उरकून ठेव. मुलांच्या हातात कात्री आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा. घडी जिथे घालायची तिथे पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढली की कोपरा स्वच्छ वळतो.

छपरावर मात्र वेळ काढ, घराचा सगळा स्वभाव तिथे आहे. मॅन्सार्डला चारी बाजूंनी आत कललेले चार तुकडे लागतात, खाली रुंद आणि वर अरुंद, आणि डोक्यावर एक सपाट चौकोन. त्यावर कौलं. पातळ पुठ्ठ्याच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या, त्यांना खालच्या कडेने जवळजवळ काप. पहिली पट्टी अगदी खाली वळचणीला, दुसरी तिच्यावर अर्धी चढवून, असं वर वर जायचं. खरी कौलंही अशीच चढवतात, नाहीतर पाणी आत शिरेल, हे सांगितलंस की मुलं एकही पट्टी उलटी लावणार नाहीत. सगळं वाळलं की चार-पाच कौलं नखाने उचकटायची, एखादं काढूनच टाकायचं. छपराच्या वरच्या कडेला लोखंडी नक्षी हवी असेल तर केकखालच्या जाळीच्या कागदाची किनार कापून लाव. मागच्या पडवीसाठी आणखी एक युक्ती: पन्हळी पुठ्ठ्याचा वरचा कागद जरासा ओला करून सोलला की खाली थेट पत्र्याचं छप्पर मिळतं.

अंड्यांच्या ट्रेचे बारीक तुकडे म्हणजे चिमणीच्या विटा. आईस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, त्यातली एक-दोन मोडलेली. वाण्याच्या खाकी पिशवीला पीळ देत जा आणि टोकाला फाडून त्याच्या फांद्या पिळ, निष्पर्ण झाड तयार. अंगणातली माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा, गोंदावर भुरभुरवायचा.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. आधी घराला त्याचा खरा रंग द्यायचा, फिकट पिवळा, निळसर, मुलाला आवडेल तो. त्यात चिमूटभर बेकिंग सोडा मिसळला तर गिलाव्यासारखा खरखरीतपणा येतो. तो वाळला की पाणी घातलेला काळा रंग फासून लगेच फडक्याने पुसायचा. खाचाखोचांत काळं राहतं, वर जुना रंग दिसतो, आणि पन्नास वर्षं एका मिनिटात सरतात. पुठ्ठा एकाच बाजूने भिजला तर वाकतो, म्हणून आतूनही एक हात मारायचा.

खिडक्यांना बटर पेपर. दिवा बॅटरीवरचाच, मेणबत्तीचं नावही काढायचं नाही. तोही स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचा बघून घे. बटणाएवढा सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत ती आतून भाजते, म्हणून दिवे तुझ्याच कपाटात राहू देत आणि शेवटी तूच लाव. सगळ्या खिडक्या उजळायच्या नाहीत. बाकीच्यांना आतून काळा कागद लाव आणि वरच्या मजल्यावरची एकच पिवळी ठेव. ती खिडकी कोणाची, हे ज्याने घर बांधलं त्याने सांगायचं.

काही पालकांना हॅलोविन नको असतं, ते तू म्हणालासच. त्यांच्या मुलांना ‘आमच्या घराण्याचं जुनं घर’ करू दे. साधन तेच, कृती तीच. कुणी मेक्सिकोतलं करेल, कुणी व्हिएतनाममधलं. आपल्याकडचा पडका वाडा करायचा तर दिंडी दरवाजा, चौक आणि मागे चिंचेचं झाड पुरे, वेगळं भूत लागतच नाही. तुझे बाबा साताऱ्याला दिवाळीत किल्ला करायचे तोही विटा, पोती आणि चिखलातूनच उभा राहायचा, वर अळीव पेरलेला. तुला हा नाद त्यांच्याकडून आला असं मला वाटतं. 2024 मध्ये 31 ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली, तेव्हा आपल्या पायरीवर भोपळाही होता आणि पणत्याही, आणि चॉकलेटं मागायला आलेली पोरं बाबांच्या किल्ल्यापुढेच जास्त वेळ रेंगाळली होती.

पार्सल आज टाकलं आहे. त्यात बटर पेपर, जाळीचे कागद, रिकाम्या काडेपेट्या आणि बाबांनी मापाने कापलेल्या कौलांच्या पट्ट्या आहेत. अंड्यांचे ट्रे तू मुलांनाच घरून आणायला सांग, आणि चोथा नीट वाळव, ओला राहिला तर बुरशी धरेल. भिंती एका आठवड्यात उभ्या कर, रंग दुसऱ्या. गल्ली मांडून झाली की खोलीतले दिवे घालवून फोटो काढ आणि मला पाठव, प्रत्येक घराखाली त्या मुलाने सांगितलेली गोष्टही लिही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई