अप्पा, सेमिनार झाला, आता थँक्यू ऐकूनच घ्या

अप्पा, रामराम.

तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "चहा घेशील का" करून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदलून दाखवा. ज्यांना अप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, भुसावळचे रिटायर्ड रेल्वेवाले, मूळचे धुळ्याकडचे, आणि हिवाळ्यात हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला भल्या सकाळी पक्षी बघायला स्कोप, म्हणजे स्टँडवरची दुर्बीण, लावून कोणी बसलेलं दिसलं तर बहुतेक तेच. मी एमएससी झूऑलॉजीला आहे आणि सेमिनारला माझ्या वाट्याला विषय आला ध्रुवीय परिसंस्था आणि बदलतं हवामान. ऐन मे महिन्यात, भुसावळात, कूलरसमोर बसून बर्फावर वाचायचं, घरचे हसून हसून बेजार.

नेटवर मटेरियल ढीगभर आहे, प्रश्न तो नव्हताच. प्रश्न हा की जिथे बघावं तिथे तीच रेकॉर्ड, बर्फ वितळतोय, अस्वल उपाशी, खेळ खलास. तुम्ही प्रिंटआउट चाळले आणि एवढंच विचारलं, "पहिले सांग, तो खास काय, आन कव्हय?" (म्हणजे तो खातो काय आणि कधी) आणि मग प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे पेन्सिलीने दोन रकाने पाडले, काय खातो, कधी खातो. माझा अख्खा सेमिनार त्या दोन रकान्यांवर उभा राहिला, हे गाइड मॅडमना पण सांगून झालंय.

सुरुवात टिलव्यापासून कर, हेही तुमचंच. छोटा टिलवा, हिवाळ्यात हतनूरला येणारा पाणपक्षी, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, पाय काळे, चोच काळी, पाण्याच्या कडेकडेनं चिखलात टोच टोच टोच, दोन पावलं पुढं, परत टोच टोच. स्कोपमधून त्याच्या पाठीवरच्या पिसांची फिक्कट किनार दिसली तेव्हा मला खरंच वाटेना की हा एवढासा जीव उन्हाळ्यात आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतो, म्हणजे पार स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंतचा पट्टा. तिकडे उन्हाळा कसाबसा दोन-तीन महिन्यांचा, त्यात बर्फ वितळला की किड्यांचा एकदम सुकाळ होतो आणि पिल्लं नेमकी त्याच आठवड्यांत अंड्यातून बाहेर पडायला हवीत.

आणि इथे तुमचं रेल्वेचं डोकं कामाला आलं. कनेक्टिंग गाडी, तुम्ही म्हणालात. पक्षी इकडून निघतो तो बराचसा दिवस किती मोठा झाला त्यावर, आणि दिवसाचं गणित तर काही बदललेलं नाही, पण तिकडे किडे बाहेर पडतात बर्फ वितळण्यावर आणि बर्फ आता लवकर वितळतो, म्हणजे आपली गाडी राइट टाइम आहे तरी पुढची वेळेआधीच सुटून गेलेली. हे मी सेमिनारमध्ये जसंच्या तसं सांगितलं आणि मागच्या बाकावरची, नेहमी मोबाइलमध्ये असणारी मंडळी पण मान वर करून ऐकत होती, कारण प्लॅटफॉर्मवर एकदा तरी गाडी चुकली नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं मुश्कील.

याचा पुरावा दाखव, असं तुम्ही दटावलं होतं म्हणून रेड नॉट नावाच्या पक्ष्याचा अभ्यास सापडला, २०१६चा. हे पक्षी सैबेरियाच्या तैमिर भागात वाढतात आणि हिवाळ्यात आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात. ज्या वर्षी बर्फ लवकर वितळला त्या वर्षीची पिल्लं अंगानं लहान भरली, चोच आखूड राहिली, आणि मॉरिटानियात त्यांचं खाणं म्हणजे वाळूत खोल बसलेले शिंपले, आखूड चोच तिथपर्यंत पोचेना, मग समुद्री गवताच्या मुळ्यांवर भागवायचं आणि जगायचं प्रमाण कमी. आर्क्टिकमधल्या बर्फाचं बिल आफ्रिकेत फाटतंय! मी लगेच लिहायला घेतलं की हतनूरच्या टिलव्याचंही असंच होतंय, तर तुम्ही रेघ मारली, तो अभ्यास रेड नॉटचा आहे, टिलव्याचा नाही, गप बस. बसले गप.

लेमिंगचा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला. उंदराएवढा प्राणी, हिवाळाभर बर्फाच्या थराखाली राहतो, तिथेच पिल्लं घालतो, दर तीन-चार वर्षांनी नुसता सुळसुळाट. त्या वर्षी कोल्हे, स्कुआ नावाचे शिकारी समुद्रपक्षी, हिमघुबडं सगळ्यांची चंगळ आणि पक्ष्यांची अंडी बऱ्यापैकी वाचतात. लेमिंग नसले की तेच कोल्हे घरट्यांकडे वळतात. आता भर हिवाळ्यात मध्येच ऊब येते, पाऊस पडतो, तो गोठून बर्फाचा कडक पापुद्रा बसतो आणि खालची ती मऊ कोरडी जागाच जाते. ईशान्य ग्रीनलंडमध्ये २००० सालानंतर लेमिंगचं चक्रच ढेपाळलं आणि हिमघुबडांची पिल्लं जवळपास दिसेनाशी झाली. हाच बर्फावरचा पाऊस रशियाच्या यामालमध्ये २०१३च्या नोव्हेंबरमध्ये पडला आणि गोठला, खालचं दगडफूल रेनडिअरना खुरानं उकरून काढता येईना, ६१ हजार जनावरं उपासमारीनं गेली. तिथले नेनेत्स लोक गुरं राखणारे आपल्यासारखेच, कळपच गेला म्हणजे घरच गेलं. आर्क्टिक १९७९पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतंय हा आकडा त्याच्यानंतर टाकला, तुमच्याच सल्ल्यानं, आधी जनावर मग आकडा.

अस्वलाची स्लाइड तुम्ही काढायला सांगितली होती, ती मी ठेवली, सॉरी. पण त्याला पण दोन रकाने लावले. समुद्रावरचा बर्फ लवकर सरकतो म्हणून सील धरायचे दिवस कमी झाले, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरची अस्वलं लवकर जमिनीवर येतात आणि हंस-बदकांच्या वसाहतीत शिरून अंडी साफ करतात. अस्वलाचं पोट त्यावर काही फार दिवस चालायचं नाही, पण त्या घरट्यांचा तर तो हंगाम गेलाच ना.

अंटार्क्टिकाबद्दल तुम्ही सरळ म्हणालात की तिकडचं मला काही ठाऊक नाही, तेच दोन रकाने लाव आणि बघ. लावले. सगळं येऊन थांबतं क्रिलवर, पाच-सहा सेंटिमीटरचा कोळंबीसारखा जीव, त्याची पिल्लं हिवाळा काढतात समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शेवाळ खाऊन. बर्फ कमी तर पाळणाघर कमी. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, पामर स्टेशन या संशोधन केंद्राच्या आसपास, १९७५च्या सुमाराला ॲडेली पेंग्विनच्या १५ हजार जोड्या होत्या, त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त गेल्या. आणि त्यांच्या शेजारी जेंटू पेंग्विन मात्र वाढले, त्यांना बर्फाची गरज कमी आणि क्रिल नसेल तर मासेही चालतात. वर आणखी गंमत, समुद्र मोकळा झाला की हवेत बाष्प वाढतं आणि हिमवर्षाव उलट जास्त होतो, मग तो वितळून ॲडेलीची अंडी पाण्यात भिजतात.

एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, नेमकं तिथेच धरलं, "म्हणजे पेंग्विन वाढले का कमी झाले, एक काय ते सांग." मी म्हटलं सर, कोणते आणि कुठले ते आधी सांगा. त्याच द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाजवळ, पण दुसऱ्या म्हणजे पूर्वेकडच्या बाजूला, डेंजर आयलंड्सवर २०१८मध्ये साडेसात लाखांहून जास्त ॲडेली जोड्यांची मोजणी प्रसिद्ध झाली, तिकडे बर्फ टिकून होता. आणि एम्परर पेंग्विनचं सांगायचं तर २०२२मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राकडच्या पाचपैकी चार वसाहतींत, पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं फुटायच्या आतच खालचा बर्फ फुटला. सर गप्प झाले, मग हसले, मग विचारलं समुद्री बर्फाचा आकडा आहे का. होता! अंटार्क्टिकाचा बर्फ २०१४पर्यंत उलट वाढत होता, त्या वर्षी विक्रमी, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये नीचांक, साधारण १७ लाख ९० हजार चौरस किलोमीटर. सरळ रेघ नाहीये ही, आणि सरळ रेघ ओढून दाखवणाऱ्यांचा मला आता जरा रागच येतो, हा राग पण तुमच्याकडूनच लागलाय.

मार्क चांगले पडले, किती ते घरी येऊन सांगीन. माईंच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी चेपत तुमच्या ओट्यावर जेवढं शिकले त्याचे वेगळे थँक्यू माईंना, त्या तरी विषय बदलणार नाहीत. तुमची निळी वही माझ्याकडेच आहे, हतनूरला पहिला टिलवा कोणत्या तारखेला दिसला त्या सगळ्या जुन्या नोंदी मी एक्सेलमध्ये भरतेय, दोन-तीन ठिकाणी तुमचं अक्षर काही केल्या लागत नाही तेवढं रविवारी बसून सांगा. आणि या हिवाळ्यात ट्रायपॉड मी उचलणार, तुमचा गुडघा बघा आधी.

तुमची,
सारखे प्रश्न विचारणारी पोरगी