हट बेच्या बौदींना

तीर्थस्वरूप बौदींना सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय म्हणून रागावू नका. तुम्हाला ते हिंदीत वाचून दाखवणारच आहे, तेही तुमचा भात चुलीवर असताना, कारण एरवी तुम्ही एका जागी बसत नाही. पण आधी ते आमच्याकडच्या माणसांनी वाचायला हवं. (त्यांच्यासाठी: बौदी म्हणजे बंगालीत वहिनी, माझ्या कुंपणापलीकडच्या शेजारीण.) यांची बदली लिटल अंदमानला झाली तेव्हा श्रीवर्धनात घरच्यांनी नकाशा उघडून पाहिला होता. पोर्ट ब्लेअरच्याही खाली, चारी बाजूंनी पाणी. "तिथे कोण गं तुमचं?" असं सासूबाई म्हणाल्या होत्या. आता इथून जायचा हुकूम हातात पडलाय, तेव्हा त्यांना सविस्तर सांगते.

सासूबाई, हट बे हे इथलं मुख्य गाव. पोर्ट ब्लेअर सुमारे १२० किलोमीटरवर. २०२४ मध्ये त्याचं नाव श्री विजयपुरम झालं, पण बौदींच्या तोंडी ते अजून 'ब्लेअर'च आहे. जहाजाला सात-आठ तास लागतात, आणि समुद्र खवळला की जहाज सुटतच नाही. बेटाचा मोठा भाग जंगल आणि ओंगे या आदिवासी लोकांचं राखीव क्षेत्र. बाकीच्यांची वस्ती पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याला धरून. २०११ च्या जनगणनेत १८ हजारांच्या वर लोक होते. पूर्व पाकिस्तानातून येऊन वसवलेली बंगाली कुटुंबं, निकोबारी, रांचीकडचे, तमिळ, तेलुगू. आपसात सगळे हिंदी बोलतात आणि त्या हिंदीत लिंग-वचनाची कुणी फारशी पर्वा करत नाही. त्यामुळे माझंही निभावलं.

बौदी, आमची ओळख झाली ती जहाज न आल्यामुळे. पावसाळ्याची सुरुवात होती. बाजारात कांदा नाही, बटाटा नाही, अंडी नाहीत. टोमॅटो होते, पण भाव ऐकून मी पिशवी तशीच घडी करून परत आणली. तुम्ही कुंपणापलीकडून सगळं बघत होता. काही न विचारता पुईची मोठी जुडी माझ्या हातात दिलीत. आमच्याकडे त्याला मायाळू म्हणतात, पानांची भजी करतात. संध्याकाळी भज्यांची ताटली तुमच्याकडे आली आणि तुमच्याकडून ती रिकामी कधीच परत आली नाही. कधी कलमीची पालेभाजी, कधी सुरमईचे दोन तुकडे, कधी नुसतीच ओली सुपारी. सुपारीवरून तर आपलं जमलंच. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या गावची मी. तुमच्या अंगणात वाळत घातलेली सुपारी पाहिली आणि कुणी न सांगता सोलायला बसले. तुम्ही माझे हात नीट निरखलेत आणि म्हणालात, "ये तो काम जानता है."

आता त्या रात्रीबद्दल.

जूनमधली गोष्ट. हे ट्रेनिंगसाठी मुंबईला गेले होते. चिरंजीवांचं पोट दुपारपासून दुखत होतं. मी ओवा दिला, शेक दिला. रात्री तो पाय पोटाशी घेऊन आडवा पडला तो सरळ व्हायलाच तयार नाही. मी तुमच्या दाराशी पोचेपर्यंत तुम्ही कंदील घेऊन बाहेर आला होता, कारण वीज गेलेली. तुम्ही त्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला खाली बोटं हलकेच दाबलीत आणि झटकन उचललीत. तो किंचाळला. तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत, तुमच्या थोरल्या मुलाला हाक मारून गाडी काढायला सांगितलीत.

इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: अपेंडिक्स वाटतंय, ऑपरेशन लागलं तर ते इथे होणार नाही, ब्लेअरला जी. बी. पंत हॉस्पिटलात न्यावं लागेल. जहाज रद्द होतं. हेलिकॉप्टर मिळणार होतं, पण सकाळी, आणि तेही ढग उठले तर. रात्रभर सलाईन चालू होतं आणि पत्र्यावर पाऊस. बौदी, त्या रात्री तुम्ही मला धीर वगैरे काही दिला नाहीत, आणि त्याबद्दल मी आभारी आहे. "सब ठीक हो जाएगा" असं कुणी म्हटलं असतं तर मला रडूच फुटलं असतं. तुम्ही कामाला लागलात. कागद कुठे लागतात, सही कुणाची लागते, यादीत सोबतच्या माणसाचं नाव आधीच घालून घ्यायचं, हे सगळं तुम्हाला पाठ. थोरल्याला तुम्ही पहाटेपूर्वी संबंधित माणसाच्या घरी धाडलंत. मला म्हणालात, पिशवी हलकी ठेव, सामान फार घेऊ देत नाहीत. पिशवी तुम्हीच भरलीत. त्याचं आधारकार्ड, दोन चड्ड्या, चादर, माझ्यासाठी मुरमुरे आणि गूळ. तळाशी रुमालात बांधलेले पैसे होते. ते मला ब्लेअरला पोचल्यावर सापडले.

इथे उजाडतं लवकर, पाचच्या आत. त्या दिवशी मात्र आठ वाजून गेले तरी आभाळ उघडेना. ढगांत जराशी फट पडली आणि हेलिकॉप्टर उतरलं. तुम्ही मागे राहिलात. वीर सावरकर विमानतळावर उतरले तर छत्री धरून तुमची बहीण उभी. ब्लेअरमधल्याच जंगलीघाटहून आली होती. मला तिने कधी पाहिलेलं नव्हतं, पण नऊवारी नेसलेल्या देवीच्या तसबिरीसारखं कुंकू लावणारी बाई शोध, असं तुम्ही तिला फोनवर सांगितलं होतंत म्हणे. ऑपरेशन त्याच दिवशी झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. हे विमानं बदलत येईपर्यंत तुमच्या बहिणीने मला एकटं सोडलं नाही. दोन वेळचा डबा तिच्या घरून यायचा आणि त्यातला माशाचा डोक्याकडचा भाग माझ्यासाठी बाजूला काढलेला असायचा.

परत आल्यावर तुमचे पैसे द्यायला आले, तर तुम्ही ते घेतलेत, मोजलेत आणि डब्यात ठेवलेत. मला ते फार आवडलं. उगाच "राहू दे, राहू दे" नाही. हॉटेल चालवणाऱ्या बाईला हिशेब कळतो.

एका बाबतीत आपलं कधी पटलं नाही. २०२१ च्या सुरुवातीला नीती आयोगाच्या आराखड्याची बातमी आली होती. या बेटावर नवं शहर, मोठा विमानतळ, त्यासाठी जंगलाचा आणि ओंगेंच्या राखीव क्षेत्राचा भाग मोकळा करायचा. मी तावातावाने बोलायची. पश्चिम किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं अंडी घालतात, आणि डुगाँग क्रीकला जे मूठभर ओंगे उरलेत त्यांनी जायचं कुठे? तुम्ही विळीवर मासे कापत ऐकून घ्यायचात. मग एकदा म्हणालात, "तुम्हारा तो बदली हो जाएगा. मेरी बहू का डिलिव्हरी किधर होगा?" मी म्हटलं, त्यासाठी जंगल कशाला तोडायला हवं? तर तुम्ही म्हणालात, तेच तर, आधी हॉस्पिटलात सर्जन द्या, मग शहराच्या गोष्टी करा. जंगलाबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण त्या जूनपासून ही वाद घालायची गोष्ट मी गच्चीवर बसून बोलल्यासारखी बोलत नाही.

धाकट्याबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. २६ डिसेंबर २००४ ला, रविवारी सकाळी, भूकंपामागून पाणी आलं आणि हट बेचा बाजार गेला, हे तुम्ही मला तुटक तुटक सांगितलंय. तुमच्या कुटुंबातलं कोण त्यात गेलं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही अजूनही वाळूवर पाय ठेवत नाही, आणि तुमचा धाकटा बटलर बेच्या लाटांवर फळी घेऊन उभा राहतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे राष्ट्रीय सर्फिंग स्पर्धा झाली तेव्हा सगळं गाव गेलं, तुम्ही हॉटेलात राहिलात. पण त्याला अडवलं नाहीत. माझ्या मुलाला त्यानेच शिकवलं: आधी खाडीच्या तोंडाशी मगर नाही ना बघायचं, ओढ कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, मग पाण्यात. टाके वाळल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच आठवड्यात पोरगा फळीवर पोटावर आडवा होता. मी किनाऱ्यावर वाळूमाशा मारत बसले होते आणि तुम्ही फोनवर दर दहा मिनिटांनी विचारत होता, "निकला क्या पानी से?"

आता कामाचं. आमचं सामान पुढच्या जहाजाने जाईल, जहाज सुटलं तर. फ्रीज तुमच्या हॉटेलात ठेवून जातोय, यांनी थोरल्याशी बोलून घेतलंय, तुम्ही मध्ये पडू नका. कोकमाची बरणी स्वयंपाकघरात डाव्या फळीवर आहे. सोलकढीला नारळाचं पहिलं दूध घ्या, मीठ शेवटी. संपलं की कळवा, सासूबाई पोस्टाने पाठवतील. त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. सुनेचे दिवस भरत आले की ब्लेअरला आधीच नेऊन ठेवा, जहाजाच्या भरवशावर राहू नका, हे तुम्हालाच मी सांगतेय म्हणजे कमालच झाली. बाळंतविड्याचे डिंकाचे लाडू करून पाठवते. बहिणीला नमस्कार. धाकट्याला आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
कुंपणापलीकडची