टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पार्किंगच्या फरशीवरचे काळे डाग आणि इंजिनचे फोटो नीट पाहिले. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, कडेने ओली पट्टी आहे आणि तिच्यावर धूळ बसली आहे. याचा अर्थ बहुतेक त्या कव्हरचं रबरी पॅकिंग कडक झालंय. वर्षानुवर्षं उष्णता खाल्ली की रबराचा लवचीकपणा जातो आणि फटीतून ऑइल पाझरू लागतं. हे काम घरी होण्यासारखं आहे. गाडीखाली जावं लागत नाही, ऑइलही काढावं लागत नाही.

पण आधी खात्री करा. पावसाळ्यात स्लॅबचं पाणी जिथे टपकतं तिथेच तडा असतो असं नाही, तसंच हे. ऑइल खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. इंजिन पूर्ण थंड असताना कव्हरची कड फडक्याने कोरडी पुसा, तिच्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सिंहगड रोडवर एक फेरी मारून या. पावडर जिथे आधी काळवंडेल, गळती तिथे. आई, रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवशील? तपकिरी-काळा चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं किंवा लाल पाणी असेल तर कूलंट, आणि नुसतं स्वच्छ पाणी पडलं तर एसीचं, त्याची काळजी नको. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब पडत असेल तर मात्र हात लावू नका. तिथलं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते गॅरेजचंच काम.

सामान नाना पेठेत मिळेल. दुकानात चॅसिस नंबर सांगा आणि पॅकिंगसोबत स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलही मागा. ती जुनीच ठेवली तर ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं आणि इंजिन मिसिंग करू लागतं. शिवाय १० मिमीची गोटी (सॉकेट), छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि ऑइल सहन करणाऱ्या सिलिकॉनची एक लहान ट्यूब लागेल.

काम सकाळी करा, गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर काढताना क्लिप पूर्ण दाबूनच ओढा, कारण उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि कान चटकन तुटतो. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर घाला. कव्हरचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने हलकेच ठोका. फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. कव्हर ज्यावर बसतं ते हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर पडलेला एक ओरखडा कायमची गळती देऊन जातो. त्याच कारणाने जुनं पॅकिंग आणि सिलिकॉन प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा. इंजिनच्या उघड्या भागावर स्वच्छ फडकं झाकून ठेवा, आत एक कणही पडता कामा नये. ब्रेक क्लीनर फडक्यावर मारून दोन्ही कडा पुसा.

नवं पॅकिंग कव्हरच्या खाचेत कोरडंच बसवायचं. सिलिकॉन फक्त टायमिंग कव्हर (इंजिनच्या टोकाचं उभं झाकण) आणि हेड जिथे जुळतात त्या कोपऱ्यांवर, वाटाण्यापेक्षा लहान ठिपका. सगळ्या कडेला फासण्याचा मोह टाळा. जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं, इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीत अडकतं आणि मग इंजिनला ऑइलच पुरत नाही. प्लगच्या सीलना बोटाने थोडं ताजं ऑइल लावा.

आता बाबा, सगळ्यात महत्त्वाचं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळा. असे लहान बोल्ट साधारण ८ ते ११ न्यूटन-मीटरला बसतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या. हा जोर मनगटाचा असतो, खांद्याचा नाही. गळती थांबावी म्हणून आणखी अर्धा फेरा दिला की पॅकिंग चेपून बाहेर येतं किंवा हेडमधले आटे जातात, आणि मग छोट्या कामाचं मोठं होतं. नंतर पुन्हा आवळायचीही गरज नाही.

कव्हर काढलेलं असतानाच पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधला दाब बाहेर सोडणारी छोटी झडप, काढून हलवून बघा. बऱ्याच गाड्यांत आतून खुळखुळ आवाज यायला हवा. तो जाम असेल तर इंजिनमधला दाब बाहेर पडत नाही आणि नवं पॅकिंगही काही महिन्यांत पाझरू लागतं. जाम निघाला तर बदलाच.

सिलिकॉनला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या, सहसा २४ तास. मग इंजिन पाच-सात मिनिटं आयडलला ठेवून टॉर्चने कड तपासा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर आधी सांडलेलं ऑइल जळून थोडा धूर येईल, तो काही वेळात थांबतो. डिपस्टिकवरची पातळी सपाट जागी बघा. आपल्या बेसमेंटच्या उतारावर ती चुकीची दिसते. किमान आणि कमाल खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत जवळपास १ लिटर असतं, तेव्हा २०० मिलीपेक्षा जास्त एका वेळी ओतू नका. चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा, घर जवळ असलं तरी.

तोवर गळती थांबवायचं औषध म्हणून मिळणारी बाटली ऑइलमध्ये टाकू नका आणि बाहेरून एम-सील लावू नका. तेलकट पृष्ठभागावर ते धरतच नाही. फरशीवरच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्या, ओल्या फरशीवर आईचा पाय घसरायला नको. ऑइलचे बोळे गटारात न टाकता गॅरेजमध्ये द्या.

पावडर लावल्यानंतरचा कव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. मी तो बघेपर्यंत पॅकिंग आणू नका.

तुमची लेक